बक्षिसाचं शेपूट

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण ज्यानं केली त्यानं आमच्या ह्यांना बघितलेलं असणार. उभी हयात पलटणीत काढून हे हवालदार म्हणून रिटायर झाले, घरी आले, आणि महिन्याच्या आत मला कळलं की हा माणूस सरहद्दीवरच बरा होता. गोठ्याला चुना, अंगणातल्या दगडांना चुना, फडताळातल्या डब्यांची उंचीप्रमाणे रांग. पहाटे शिट्टी. म्हशीसुद्धा शिट्टी ऐकून उभ्या राहायला लागल्या. शेवटी मी म्हणाले, आवं, मी काय तुमच्या पलटणीत भरती झाल्याली न्हाई, कसला तरी नाद लावून घ्या जिवाला. हे मीच म्हणाले, माझ्याच तोंडानं, त्यामुळं पुढच्या सगळ्या तमाशात मला कुणाला बोल लावायची सोय राहिली नाही.

त्याच आठवड्यात हे मिरजेला दवाखान्यात एका दोस्ताला बघायला गेले आणि येताना भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. मिरजेपासून आमच्या औंधाकडच्या माळापर्यंत एस्टीत ते खोकं मांडीवर धरून बसले होते. मी म्हटलं, आंबे असतील. खोकं उघडलं आणि मी मटकन खाली बसून हसायलाच लागले. आत दोन पांढरीशुभ्र पाखरं. पाखरं कसली, दोन शेपट्या, आणि शेपट्यांच्या पुढं थोडं थोडं कबूतर.

लक्का म्हणतात त्या जातीला. गावठी कबुतराच्या शेपटात डझनभर पिसं असतात, लक्क्याच्या शेपटात मोजता मोजता मी दोनदा चुकले. पंखा उघडल्यासारखं ते उभं शेपूट, छाती पुढं काढलेली, आणि डोकं मागं. मागं म्हणजे इतकं मागं की शेपटाला टेकलेलं. आणि मान सारखी थरथरती. मला वाटलं प्रवासात गारठली बिचारी, मी त्यांना चुलीजवळ न्यायला उठले. हे म्हणाले, थांब, ती थरथर म्हंजेच तर जात, जेवढी मान हालंल तेवढं पाखरू भारी. मी म्हणाले, माझा चुलता म्हातारपणी असाच थरथरायचा, त्याला कुणी भारी म्हणल्याचं आठवत न्हाई.

त्यातली मादी आमची होती. नर होता मिरजेच्या वस्तादांचा. कबुतरांच्या नादातल्या जाणत्या माणसाला वस्तादच म्हणतात सगळे. आमच्यात शेळी कशी अर्धलीनं सांभाळायला देतात, होणाऱ्या करडांत दोघांचा वाटा, तसा त्यांनी नर अर्धलीनं दिला होता. पिल्लं झाली की निम्मी त्यांची. आम्ही मेंढरांची माणसं, त्यामुळं हा व्यवहार मला लगेच पटला. पाखरू मात्र पटेना.

कारण सांगते. आमचं गाव माळावर, सगळीकडं पवनचक्क्या. वाऱ्याला काही तोटाच नाही. ह्यांनी गच्चीवर पाखरांसाठी लाकडी ढाबळ ठोकली, हिरवा रंग दिला, आणि पहिल्याच सकाळी मादीला बाहेर सोडली. वारा आला. तिचं शेपूट वाऱ्यानं भरलं आणि ती उलट्या पावलानं निघाली. पाय पुढं टाकतेय आणि जातेय मागं. गच्चीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग कठड्याला धडकून आडवी. हे शिट्टी वाजवत मागं धावले. शिट्टी ऐकून खाली म्हशी उठल्या. मी जिन्यात पोट धरून बसले होते.

खाण्याचं तर विचारूच नका. दाणे टाकले की तिला दिसायचेच नाहीत. डोकं मागं, समोर स्वतःचीच छाती, दाणे त्या छातीच्या पलीकडं. चार चोची मारल्या की एक दाणा गावायचा. पाण्याच्या वाटीत चालता चालता दोन्ही पाय बुडायचे, मग तिला कळायचं की पाणी आलं. उडणं म्हणाल तर ढाबळीच्या फळीवरून खाली पडायची, त्यालाच हे उडणं म्हणायचे. मी म्हणाले, आवं, नाकापरास मोती जड झालाय हिचा. हे म्हणाले, तुला न्हाई कळायचं, ही चाल बघ, ही ऐट बघ. ऐट होती, खोटं कशाला बोलू. पायाच्या बोटांवर उभी राहून ती अशी काही थरथरायची की बघणाऱ्याचा जीव हरखायचा. मीसुद्धा भाकरी करता करता वर जाऊन बघून यायची.

सांगलीत कबुतरांचं प्रदर्शन भरलं. हे मादीला घेऊन गेले आणि कप घेऊन आले. आता काय सांगू त्या दिवसाची तऱ्हा. गावात हलगी वाजली, ह्यांच्या टोपीवर गुलाल, कबुतराच्या खोक्यावर गुलाल, ज्यांना कबूतर आणि कावळा यातला फरक माहीत नाही असली माणसं शेपटाचे गुण सांगत होती. कप गेला थेट देव्हाऱ्यात, बिरोबाच्या शेजारी. मी म्हणाले, देवाला विचारलं का? हे म्हणाले, देवाला काय अडचण हाय, जागा हाय की. पलटणीतनं आल्यापासून हे एवढे खूश मी पहिल्यांदा बघितले, म्हणून मी पुढं काही बोलले नाही.

मग मादीनं अंडी घातली. दोन. ह्यांनी पलटणीतली मोठी बॅटरी काढली, अंधारात अंड्याला खालून लावून बघायचं की आत जीव धरलाय का नाही. धरला असेल तर लाल दोऱ्यांचं जाळं दिसतं. ह्यांना काहीच दिसेना, नुसता पिवळा उजेड. मादी मात्र इमानानं बसून. थरथरत्या मानेनं, वाऱ्यानं हलत, दिवस उलटून गेले तरी बसून. ती अंडी टाकली. पुन्हा दोन घातली, तीही तशीच. पुन्हा घातली, तीही.

तेव्हा वस्ताद स्वतः मिरजेहून जीप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या मला नमस्कार केला, चहाचं कौतुक केलं, वर जाऊन मादीला हातात घेऊन उलटीपालटी बघितली आणि खाली येऊन बशीत चहा ओतत म्हणाले, "हवालदार, मादी वांझ हाय."

मग पुढचं सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी सांगलीत पुन्हा प्रदर्शन होतं. कप मिळवलेली मादी, तेव्हा एकदा अखेरचं तिला उभी करायची. शनिवारी ते जीप घेऊन येणार, दोन्ही पाखरं नेणार, आणि प्रदर्शन झालं की ही मादी त्यांच्याकडं राहणार, बदल्यात ह्यांना दुसरी तरणी मादी मिळणार. मी विचारलं, मग ह्या मादीचं काय करणार तुमी? ते अगदी सहज म्हणाले की बाजारात लकवा झालेल्यांच्या घरची माणसं कबूतर हुडकत असतात, रक्त अंगाला चोळतात, रस्सा पाजतात, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

 मला जो राग आला तो आवरेना. लकव्यावर कबुतराचा रस्सा लागू पडलेला माणूस मी अजून बघितला नाही, पण राग त्याचाही नव्हता. राग त्या वांझ शब्दाचा होता. तो शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा.

माझं लग्न झालं तेव्हा हे पंजाबात. वर्षाकाठी सुट्टी मिळायची, त्यातली निम्मी रेल्वेत जायची, उरलेल्या सुट्टीत भावकीतली लग्नं, जत्रा, आणि ह्यांचे दोस्त. आमची दोघांची नीट ओळख व्हायला तीन सुट्ट्या लागल्या. अशी सहा वर्षं गेली आणि त्या सहा वर्षांत भावकीतल्या बायकांनी मला ओटी भरायला बोलवायचं सोडून दिलं. नवरा पंजाबात, आणि वांझ मी! मला उपास सांगितले, अंगारे लावले, कुणी कुणी तर ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली होती. मग ह्यांना फॅमिली क्वार्टर मिळालं, मी ट्रंक घेऊन गेले, आणि वर्ष सरायच्या आत थोरला झाला. अंगारा लावणाऱ्या म्हणाल्या, बघ, गुण आला का न्हाई.

तर मी चहाचा पुढचा कप वस्तादांच्या समोर ठेवला आणि म्हणाले, "वस्ताद, सा वरसं मलाबी लोकं वांझच म्हणत हुती. आमचे हवालदार तवा पंजाबात हुते."

वस्तादांना ठसका लागला. ह्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि उगाचच म्हशींकडं बघायला गेले. पण ठरलेलं बदललं नाही. शनिवारी जीप येणार ती येणारच. मी ह्यांच्याशी तीन दिवस धड बोलले नाही, भाजीत मीठ मात्र घालत होते.

शनिवारी सकाळी माझा भाऊ आला. माणदेशात त्याची मेंढरं आहेत, आणि मेंढरं कातरायचे दिवस होते म्हणून पिशवीत कातर घेऊनच हिंडत होता, ह्याच्या मेंढवाड्यावर मदत कर, त्याच्या वाड्यावर मदत कर. आमच्यात रीत अशी की बहिणीच्या घरी भाऊ आला तरी हात हलवल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. काही नाही तर लाकडं फोडतील, दावं वळतील. हे गेले होते ब्यूटी पार्लरवालीकडं केस वाळवायचं मशीन मागायला, पाखरांना आंघोळ घालून त्यांचं शेपूट फुलवायचं होतं. मी चुलीवर. भाऊ काय काम आहे का बघत बघत गच्चीवर गेला.

चहा घेऊन मी वर गेले तर भाऊ मांडी घालून बसलेला, मांडीत मादी अगदी निवांत, आणि कातर चाललेली. गच्चीभर पांढरी पिसं उडत होती. त्यानं बघितलं होतं की पाखराच्या मागच्या बाजूला घाण चिकटलीय. ती चिकटायचीच, एवढ्या पिसांत जाणार कुठं. आणि मेंढीला मागून घाण चिकटली की आमची माणसं काय करतात? पहिल्यांदा तिथली लोकर कातरून काढतात, न्हाईतर किडे पडतात. त्यानं तेच केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं, बहिणीच्या घरचं जनावर म्हणून मायेनं केलं.

निम्मं शेपूट झालं होतं. निम्मं उभं होतं.  कप, प्रदर्शन, वस्तादांची जीप, सगळं डोळ्यांपुढं आलं. भावानं वर बघितलं. माझा चेहरा बघून त्यालाही काहीतरी वाटलं असावं, कातर थांबवून त्यानं विचारलं, "आक्का, ऱ्हाऊ दे का आता?"

मी चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "आता निम्मं कशाला ठेवतोस? काड सगळं."

आणि त्यानं काढलं. काय सुबक काम, हात फिरवला तर टोचणार नाही. नराला हात लावू दिला नाही मी, तो लोकांचा होता. मादीला खाली ठेवलं. ती उभी राहिली, थोडी डगमगली, वारा आला, आणि ती जागच्या जागी उभीच राहिली. तिचं तिलाच नवल वाटलं असावं. एक पाऊल पुढं टाकलं आणि खरंच पुढं गेली. मी आणि भाऊ असे हसत सुटलो की खाली शेजारीण विचारायला लागली, काय झालं गं.

हे मशीन घेऊन आले. वर आले.  मशीनची वायर हातात, समोर पिसांचा ढीग, आणि ढिगाशेजारी कोंबडीच्या तलंगीसारखं दिसणारं त्यांचं कपवालं कबूतर. भाऊ कौतुकाची वाट बघत उभा. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, आमच्यात हत्ती राहिला आणि शेपूट गेलं. ह्यांनी भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाहुण्याला बोलायचं नाही ही रीत, आणि मला बोलायची त्या दिवशी छाती नव्हती. शेवटी म्हणाले, मेव्हणे, जेवून घ्या.

दुपारी वस्ताद आले. त्यांनी मादी बघितली आणि आधी हसले, मग चिडले. ही बिनशेपटाची घेऊन सांगलीत माझी शोभा करून घेऊ का, म्हणाले. बदली नाही, काही नाही. आपला नर खोक्यात घातला आणि जीप गेली. पिसं झडून नवी यायला आता कितीतरी महिने होते, तोपर्यंत मादीला कोण विचारतंय. मी त्या संध्याकाळी भाजी मोठ्या मायेनं केली. ह्यांनी निम्मीच खाल्ली.

ढाबळीचं दार मी उघडं ठेवायला लागले. आता कुणासाठी बंद करायचं? देवळाच्या शिखरावर निळी गावठी कबुतरं असतात, त्यातला एक नर दाण्याला म्हणून आमच्या गच्चीवर उतरला आणि मादीभोवती गोल गोल घुमायला लागला. ह्यांनी बघितलं आणि शिट्टी वाजवत धावले. हा सिव्हिलियन आत आला कसा, म्हणाले. हाकलला की टाकीवर बसायचा, हे खाली गेले की परत उतरायचा. मी म्हणाले, आवं, तिचं लग्न तुमी मिरजेत ठरवलं हुतं, त्याचं काय झालं बघितलंच की. आता तिच्या मनानं घिऊ द्या. हे म्हणाले, जात बिघडंल. मी म्हणाले, मान सरळ हुईल.

अंडी घातली तेव्हा हे बघायलासुद्धा आले नाहीत. रात्रभर मादी बसायची, दुपारी तो निळा येऊन बसायचा. ड्यूटीला एकदम पक्का. काही दिवस गेले आणि मीच बॅटरी घेतली, ढाबळीच्या अंधारात एक अंडं उजेडावर धरलं. लाल दोरे! बारीक बारीक, आणि मधे एक ठिपका, तो हलत होता. मी जिना कशी उतरले मला माहीत नाही. हे दाढी करत होते. निम्म्या तोंडाला साबण तसाच ठेवून वर आले, बॅटरी लावली, आणि कितीतरी वेळ खाली ठेवेनात. साबण वाळला तोंडावर. मी म्हणाले, दोष त्या नराचा का त्या शेपटाचा, मला ठाऊक न्हाई, पण हिचा नव्हता.  ह्यांनी मान हलवली, आणि ती मान अंड्याकडं बघून हलवली नव्हती, माझ्याकडं बघून हलवली होती. मला रडू आलं, मग मी ह्यांना साबण पुसायला सांगितलं.

एक अंडं फुटलं. पिल्लू म्हणजे काय ध्यान. रंग राखाडी, वर पांढरे शिंतोडे, शेपूट धड बापाचं ना धड आईचं, खराट्यासारखं. पण मान सरळ! दाणा टाकला की खटकन उचलायचं. हे चोरून चोरून वर जायचे, मला म्हणायचे टाकीतलं पाणी बघून येतो. टाकीतलं पाणी दिवसातनं आठ वेळा बघितलं जात होतं.

आणि एक दिवस पिल्लू उडालं. कठड्यावरून सुटलं, चिंचेला वळसा घातला, पवनचक्कीच्या दिशेनं गेलं, आणि मग गिरकी घेऊन आलं ते पाण्याच्या टाकीवर. उंच, जिन्याच्या खोलीच्याही वर. हे टाळ्या वाजवत होते, ज्या माणसानं परेडवर कधी हसू दिसू दिलं नाही तो गच्चीवर नाचत होता. खाली मादी. तिनं पंख पसरले आणि ती धावली. ढोपराएवढी उठली, पडली. पुन्हा धावली. शेपूट नव्हतं, वारा आडवा नव्हता, काही नव्हतं, तरी उठेना. तिच्या अंगात ते ठेवलंच नव्हतं कुणी. चोचीवर आपटली तेव्हा टाळ्या थांबल्या.

हे पुढं झाले, तिला ओंजळीत घेतलं, लोखंडी शिडी लावली, आणि गुडघे कुरकुरत असताना चढून तिला टाकीवर पिल्लाच्या शेजारी ठेवली. दोघं जवळजवळ बसली. मग दिवस मावळायला तिला खाली घ्यायला परत चढले, कारण रात्री तिथं घुबड येतं. दुसऱ्या दिवशी ती शिडीखाली येऊन उभी. तेव्हापासून तेच चाललंय. सकाळी वर, संध्याकाळी खाली, आणि प्रत्येक पायरीवर ह्यांची एक शिवी.

मध्यंतरी पिसं झडून नवं शेपूट आलं. ह्यांनीच माझ्या भावाला फोन करून कातर घेऊन बोलावून घेतलं. आणि परवा वस्तादांचा फोन आला. पिल्लू झाल्याची बातमी मिरजेपर्यंत गेली होती. ते म्हणाले मादी तर सोनं निघाली, नर परत पाठवतो, शेपूट वाढू द्या, पुढच्या प्रदर्शनाला सांगलीला घेऊन या, कप आपलाच. हे अंगणात फोन कानाला लावून उभे. दिवस कलला होता आणि वर टाकीवर ती दोघं दिसत होती. मी दारातच थांबले, जीव कानात आणून.

हे म्हणाले, "न्हाई जमायचं वस्ताद. सांजच्याला तिला खाली घ्यावं लागतंय." आणि फोन माझ्या हातात देऊन शिडी धरायला सांगितलं.